टायपिस्ट, मोर आणि एक उलटा पुठ्ठा

७ जून
'टायपिस्ट'चा ३८ वा भाग आला! सकाळपास्नं फोन हातात. जपानी मांगा हाय, म्हणजे चित्रकथा, पण माझाच माणूस वाटतो तो. कोर्टातला साधा टायपिस्ट. सुटणाऱ्या गुन्हेगारांच्या जबानीत एक शब्द बदलतो की झालं, आत. आज मागावरच्या जकार्डचे पुठ्ठे दोऱ्यात ओवायचे होते, नव्या मोराच्या पदराचे; पुठ्ठ्यातल्या भोकांवरनंच माग नक्षी विणतो. एक डोळा दोऱ्यावर, एक फोनवर. तरी संध्याकाळच्या आत चारशे ओवले. आप्पा म्हणाले, शाब्बास. लई भाव खाल्ला.

१२ जून
घरात वादळ. नव्या पदराच्या तिन्ही साड्यांत मोराच्या गळ्यावर खोट. आप्पांनी ऐकूनच न घेता मल्लाप्पामामांना घालवलं. बावीस वर्षं आमच्या मागावर उभा राहिलेला माणूस. "लक्ष न्हाय तुझं आताशा, उद्यापास्नं येऊ नको." मामांनी सायकल काढली नि गेले वडगावातनं. त्यांचा जेवणाचा डबा इथंच राहिला.
आरोपीला कुणी काय विचारलंच न्हाय. टायपिस्ट तरी कधी विचारतो? आज पहिल्यांदा लक्षात आलं. बरं, उद्यापास्नं मी तपास करणार.

१३ जून
साड्या पसरल्या, भिंग घेतलं. मामांचं लक्ष नसताना तार तुटली असती तर खोट उभी पडती. ही आडवी. आणि प्रत्येक मोरात त्याच ओळीला. एका पुठ्ठ्याची एक ओळ, म्हणजे दोष पुठ्ठ्यात, मामांच्यात न्हाय. जिंकले! आप्पा देवळात गेलेत, आल्यावर पुरावा समोर ठेवते. बावीस वर्षांचा माणूस असा घालवतात व्हय!

दुपारी. पुठ्ठे मोजत गेले. ११२ नं. उलटा ओवलाय.
ओवले कुणी...

१४ जून
काल आप्पांना काय सांगितलं न्हाय. पुठ्ठा गुपचूप सुलटा केला तर कुणाच्या बापाला कळणार न्हाय. पण आईनं मल्लाप्पामामांचा डबा घासून कट्ट्यावर ठेवलाय, जाता-येता दिसतोय.
३९ वा भाग आलाय म्हणे. उघडला न्हाय. टायपिस्ट आवडायचा कारण त्याला कधी शंका येत न्हाय. मला येती. म्हणून मी काय मोठी न्हाय, नुस्ती भित्री हाय.

१५ जून
सांगितलं! माग बंद करायला लावला, साडी पुढं पसरली. आधी उभी खोट, आडवी खोट समजावली. आप्पा खूश, पोरीला डोकं हाय म्हणून मान हलवत होते. मग म्हटलं, "पुठ्ठे मी ओवले, आप्पा. फोन बघत."
ओरडतील वाटलं. खाली बसले. "मग त्याला मी का घालवला?" हे मला न्हाय, स्वतःलाच विचारलं.
मी ढसाढसा रडले. पण खोटं कशाला लिहू, पोटात आनंद मावत नव्हता. गुन्हेगार सापडला, आणि मीच शोधला.

१६ जून
मल्लाप्पामामा निपाणीला बहिणीकडं गेलेत. आप्पा नि मी बसनं गेलतो. बहीण विड्या वळत बसलेल्या, हात न थांबवता या म्हणाल्या. आप्पांनी ११२ नं.चा पुठ्ठा सोबत आणलेला, तो मामांच्या हातात दिला. "चुकलं माझं, मल्लाप्पा." हे वाक्य आप्पांच्या तोंडनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी पाया पडले.
मामा पुठ्ठा उलटसुलट बघत राहिले. मग मला म्हणाले, भोकं बघून ओवायचं गं, गोष्टी बघून न्हाय. येणार का, ते बोलले न्हाईत. पण आम्ही नेलेला त्यांचा डबा पुढं केला तर घेतला न्हाय. "तिथंच, मागाजवळ असू दे."
परत येताना बसमध्ये मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

१७ जून
सकाळचे आठ. आप्पांनी नवा पुठ्ठा घातला, पण माग सुरू केला न्हाय. दारात बसलेत, हातात माझा फोन. ३९ वा भाग. चित्रं बघतात, बोलणं मी वाचून दाखवते. टायपिस्टला कळलंय की त्याच्या एका शब्दानं निरपराध माणूस आत गेलाय. भाग तिथंच संपला.
आप्पांनी विचारलं, "कबूल करतो का न्हाय हा?"
अजून आलं न्हाय, म्हटलं.
"करंल," आप्पा म्हणाले. "अवघड असतंय, पण करंल."
गल्लीत सायकलची घंटी वाजली. आप्पा उठले. मी कट्ट्यावरचा डबा मागाजवळ नेऊन ठेवला.