दूध आलं होतं का?

सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? हे अजून जहाजावरच आहेत, उन्हाळ्यात येतील. आमच्या छापखान्यात वह्यांची बांधणी चालू आहे, बोटांचा डिंक जेवतानाही सुटत नाही.

दोन वर्षं पत्र लिहिलं नाही. "पोरगी आता मावशीऐवजी मला आई म्हणायला लागली," असं तू कळवलंस, त्यानंतर लिहवेना.

गेल्या महिन्यात मला साधा ताप आला, उलट्या झाल्या आणि मी बांधणीच्या टेबलाशीच कोसळले. शुद्ध आली ती इस्पितळात. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण चौकस. भर उन्हाळ्यातही स्वेटर घालते म्हणून कामावर मला 'थंडी' म्हणतात, हे ऐकून त्या हसल्या नाहीत. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, असं विचारलं. चार बाटल्या चढवल्या होत्या, मी सांगितलं.

"मग दूध आलं होतं का?"

ताई, सहा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. जो तो मला सांगतच होता. थेंबही नाही, म्हटलं. पाळीही परत आली नाही, भुवया विरळ झाल्या. त्या लिहीत राहिल्या.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे. दूध, पाळी, अंगातली ऊब, ताकद, सगळं तिच्या हुकमाने चालतं. एवढं रक्त गेलं तेव्हा ती सुकली. आता जन्मभर गोळ्या. आठवड्याभरात एकदा जिना चढून वर पोचले आणि लक्षात आलं, मधे कुठे टेकले नाही. तिथेच उभी राहून रडले.

माझ्या चाळीस दिवसांच्या लेकीला घेऊन निघताना तू दारात म्हणालीस, "तुला आईपण नकोच आहे." ते मी इतकी वर्षं उगाळत बसले. तुझा तान्हा दहा महिन्यांचा होता, त्याच्या वाटचं तू तिला पाजलंस, हे मात्र सोयीस्करपणे विसरले.

आणि एक, जे यांनाही सांगितलेलं नाही. तू गेल्यावर मला हायसं वाटलं. दाराला कडी घातली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. आजार होता हे खरं. हायसं वाटलं हेही खरं.

तिला परत मागत नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येईन, संध्याकाळी परतेन. मी कोण, ते तिला तूच सांग. मावशी म्हणालीस तरी चालेल. फक्त ती मोठी झाली की एवढं सांग: तिला टाकलं नव्हतं. उठता येत नव्हतं.

तुझी धाकटी,
आणि तिची, तू ठरवशील ती