नाल्यातून जाईल अशी गाडी

पाली, ता. बीड
१२ मे २०१९

प्रिय सुमेधा,

सप्रेम जयभीम. पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. हातात फोन आहे, तुझं बीड इथून हाकेच्या अंतरावर, आणि तरी आईने पोस्टाने पत्र पाठवलं म्हणजे काहीतरी अभद्र, असं तुझ्या सासूबाईंना वाटेल. जानकीबाईंना सांग, विहीण ठणठणीत आहे, फक्त डावा कोपर सोलला आहे. तो कसा सोलला तेही सांगते, पण क्रमाने. तीस वर्षं मी वर्गात पोरांना आधी मुद्दा लिहा, मग स्पष्टीकरण, असं बजावत आले. आज मुद्दा शेवटी येणार आहे. माझा इलाज नाही.

आपल्या महिला दूध संस्थेचं तुला माहीत आहे. यंदा डोंगरावरच्या तिन्ही वस्त्यांची जनावरं चारा छावणीत आहेत आणि आपल्या सत्तेचाळीस सभासद बायकाही तिथेच, गाई-म्हशींच्या शेजारी पाल ठोकून राहतात. छावणी डांबरी रस्त्याने बावीस किलोमीटर, नाल्यातून चढणाऱ्या वाटेने सहा. दुष्काळाने दूध निम्म्यावर आलं, तेवढ्यासाठी टेम्पोवाला बावीस किलोमीटर यायला तयार नाही. पालीतल्या आपल्या संकलन केंद्रावरून जिल्हा दूध संघाचा टँकर सकाळी साडेसातला सुटतो, त्यानंतर आलेलं दूध या उन्हात नासतं. सध्या चतुराबाई आणि भिवराबाई डोक्यावर कॅन घेऊन नाल्याने उतरतात. त्यात जेमतेम निम्मं दूध येतं, निम्मं वरच राहतं. संघाने लेखी कळवलं आहे की एक जूनपासून छावणीचं सगळं दूध रोज वेळेवर आलं नाही, तर तिथलं संकलन बंद. तसं झालं की बायकांना गावातल्या सर्जेरावांच्या खासगी डेअरीला दूध घालण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे दुधाचा पगार नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो, आपल्याकडे बाईच्या. एवढाच फरक आहे आणि त्या फरकासाठीच मी निवृत्तीनंतर घरी न बसता अध्यक्षपदाचा हा उपद्व्याप करते आहे.

म्हणून ठरलं, संस्थेने मोटारसायकल घ्यायची; साडेसातच्या आत दोन खेपा करायच्या तर नाल्याचीच वाट धरावी लागणार. आपला सचिव राधाकिशन दुसऱ्या दिवशी तीन कोटेशनं घेऊन हजर. एक स्कूटी, एक सगळे वापरतात ती शंभर सीसीची, आणि एक उंच, खाचाखाचांच्या टायरची, डांबरावरही पळते आणि डोंगरातही चढते अशी. मग म्हणतो, “नियम हाय बाई. ज्याचं कोटेशन कमी, त्याची गाडी.” म्हणजे स्कूटी. मी म्हटलं, “राधाकिशन, उद्या स्वस्त मिळाला म्हणून औताला बोकड जुंपशील का?” तो शांतपणे म्हणाला, “ठरावात बसत असंल तर जुंपू की.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला तर्क नको, ठराव हवा. दुसऱ्या दिवशी चतुराबाईला घेऊन मी नाल्यात उतरले. वाटेतला सगळ्यात उंच दगड, ज्याला वळसा घालता येत नाही, त्याच्या उंचीएवढी सुतळी धरली आणि तिथे गाठ मारली. मग छावणीतच बैठक घेऊन ठराव लिहिला: गाडी उभी असताना तिच्या पोटाखालून ही गाठ न अडकता गेली पाहिजे, आणि गाडी पडली तर एका बाईला उचलता आली पाहिजे. बसत असेल तर घ्या. सत्तेचाळीस हात वर. राधाकिशनने लिहून घेतलं.

बीडच्या शोरूममध्ये गेलो तर विक्रेता पोरगा माझ्या मागे बघतोय. “साहेब कुठं हायेत?” म्हटलं, “साहेब नऊ वर्षांपूर्वी वारले. गाडी मी घेतेय.” फरशीवर गुडघे टेकून प्रत्येक गाडीखाली सुतळी धरली. स्कूटीचं पोट गाठीच्या चार बोटं खाली. शंभर सीसीचं दोन बोटं खाली. उंच गाडीखालून गाठ गेली आणि वर बोटभर जागा उरली. तिच्यापेक्षा मोठी, भारी अशीही एक होती, पण ती आडवी पडली तर अख्खी पंचायत बोलवावी लागली असती. ही लहान, दोनशे सीसीची, अंगाने सडपातळ. मी ती मागच्या मोकळ्या जागेत आडवी करायला लावली. पोरगा रडकुंडीला आला. चतुराबाईने पदर खोचला, हँडल धरलं आणि एका दमात उभी केली. “म्हशीच्या रेडकापरीस हलकी हाय,” म्हणाली. पोरगा तरी म्हणतोच, “मॅडम, ही पोरांची गाडी हाय. ही घेऊन पोरं लडाखला जातात.” म्हटलं, “आम्ही छावणीला जाणार आहोत. त्याहून वाईट रस्ता आहे.”

आता कोपराचं. मी दगड मोजला, वजन मोजलं, स्वतःला मोजायची राहिले. तुझी आई पाच फुटांना दोन बोटं कमी आणि त्या गाडीची सीट माझ्या कमरेला. डांबरावर नीट चालवली. गिअर तुझ्या बाबांनी त्यांच्या राजदूत मोटारसायकलवर शिकवलेले, विसरले नव्हते. नाल्यात दगडावर गाडी थांबली, मी पाय खाली टाकला, तर खाली जमीनच नाही. रिकामे कॅन एकीकडे, मी एकीकडे. बातमी माझ्याआधी गावात पोचली. संध्याकाळी सर्जेराव केंद्रावर आले, खुर्ची ओढून बसले. “काय बाई, ह्या वयात मोटारसायकल कशाला, घोडी घ्या घोडी! आता असं करा, आमचा पुतण्या बद्रीनाथ हाय. चालवील तो. फुकट चालवील.” फुकट! आज कॅन त्याच्या हातात गेला की महिनाभरात दूध कुठे जाईल हे न कळायला मी काही कालची नाही. मी म्हटलं, “सर्जेराव, गाडी संस्थेची आहे आणि चावी माझ्या कनवटीला आहे. चहा घेऊन जा.”

त्यावर बैठक घेतली. कोण चालवणार? कुणी सायकलसुद्धा चालवलेली नाही. तेवढ्यात चतुराबाई उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “कावून इचार करायलाव? बाईची सुमी न्हाई का? दोन हजार चारला माझी म्हैस अडली व्हती, तवा डॉक्टरला मागं बसवून ह्याच नाल्यातून वर आलती पोरगी. दगडावरून अशी आणली राजदूत, जशी शेळी येती.” बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी विषय उद्यावर ढकलला आणि घरी आले.

कारण पुढचं चतुराबाईला माहीत नाही, तुला आणि मलाच माहीत आहे. बाबा तापाने फणफणलेले, तू सोळा वर्षांची. तू गेलीस, म्हैस वाचली, रेडकू वाचलं. चार दिवसांनी शाळेत दोन मास्तर मला ऐकू जाईल अशा बेताने बोलले की बाईंची लेक परपुरुषाला मागे बसवून गावातून हिंडते. मी, औरंगाबादला वसतिगृहात राहून बी. ए. झालेली, त्याच आठवड्यात सातवीला स्त्री-पुरुष समानतेचा धडा शिकवलेली, घरी आले आणि राजदूत विकायला काढली. बाबा नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. तुला विचारलंही नाही. तू रडली नाहीस. गाडी पुसायची फडकी धुऊन दोरीवर वाळत घातलीस आणि अभ्यासाला बसलीस. मी मनात म्हटलं, पोरगी समंजस आहे. पंधरा वर्षं तेच म्हणत राहिले, कारण ते सोयीचं होतं. त्या दोन मास्तरांना उत्तर द्यायची हिंमत नव्हती म्हणून मी तुझ्यावर शिस्त चालवली. हे खरं आहे आणि हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

फोन केला असता तर मी हुकूमच सोडला असता, माझा आवाज तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र. काल बैठकीने ठराव केला आहे: छावणी ते केंद्र दूधवाहतुकीसाठी सुमेधाला विचारावं. पहाटे साडेपाच ते आठ, पगार तुझ्या स्वतःच्या खात्यावर, गाडी रात्री तुझ्याकडे. जावईबापूंशी मी बोललेले नाही, बोलणारही नाही. जानकीबाईंना काय सांगायचं तेही तू ठरव. कुणी काही बोललं तर त्या माणसाला माझ्याकडे पाठव, या वेळी उत्तर मी देईन. तू नाही म्हणालीस तर रागावणार नाही. सीटचा फोम कापून घेईन, पुन्हा पडेन, पण बद्रीनाथला चावी देणार नाही. तुझा परवाना स्कूटीचा आहे, गिअरच्या गाडीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. तो सोबत जोडला आहे. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले होते, तुझी जन्मतारीख, रक्तगट, सगळं मला पाठ आहे. पण एकही रकाना भरलेला नाही.

तुझीच,
आई