आतले नट

मामा,

तुमचा मुलगा लग्नाची सुट्टी संपवून पलटणीत परतला आणि मी रोज दुपारी तुमचा डबा घेऊन वडूजच्या रस्त्यावर, आपल्या गॅरेजात येऊ लागले. एकदा तुमचं मनगट दुखत होतं, म्हणून तुम्ही व्हील पाना माझ्या हातात दिलात. सासऱ्यांसमोर पदर सांभाळत मी ट्रकच्या चाकाचे दहा नट ओळीनं, गोल फिरत आवळले. तुम्ही दहाही सोडायला लावलेत. "भाकरी थापतीस व्हय गं? एक हितला आवळला, की दुसरा त्याच्या समोरचा. न्हाईतर चाक वाकडं बसतंय." राग आला मला. दुसऱ्या दिवशी मात्र डबा घेऊन अर्धा तास लवकरच आले.

पुढं तुम्ही डोळे दाखवायला साताऱ्याला गेलात, त्या दिवशी शिराळ्याचा एक ट्रक आला. चाकं दुसऱ्या गाडीची, भोकं जुळेनात; म्हणून मध्ये अ‍ॅडाप्टरची जाड चकती बसवायची होती. मी चाक बसतं त्या हबवरचा गंज घासून काढला, एकेक चकती बसवून तिच्यावर चाक चढवलं आणि ट्रक गेला. हात धुताना पाहते तर टॉर्क पाना खुंटीवर तसाच! नट पुरेसा आवळला की टक् करून सांगतो तो पाना मी हातातच घेतला नव्हता. बाहेरचे नट निदान दिसतात. चकतीचे आतले नट चाकामागं झाकलेले. ते सैल राहिले तर रस्त्यातच कळणार.

तुमची स्कूटर काढली, पाना पायांपाशी ठेवला आणि सुटले. औंधच्या अलीकडं टपरीपाशी ट्रक उभा दिसला. ड्रायव्हर चहा घेत होता.

"आवं ताई, मी काय इसरलो का काय?"

"तुमी न्हाई, मी इसरले. चाक काढा."

तो हसतच जॅक लावायला वाकला. आतले तीन नट चांगले पाव पाव फेरा फिरले, तेव्हा त्याचं हसू थांबलं. मग उरलेल्या चाकांसाठी जॅक त्यानं न सांगताच सरकवला, आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मी परतले तर तुम्ही दारात.

"कुठं गेल्तीस?"

"औंधला. यमाईच्या दर्शनाला."

"पाना घिऊन?"

एवढंच म्हणालात आणि हसू दाबत आत गेलात. दुसऱ्या दिवशी ती खुंटी माझ्या हाताला येईल इतकी खाली ठोकलेली होती.

तुम्ही गेल्यापासून गॅरेज मीच चालवते. पन्नास किलोमीटर पळवून नट पुन्हा तपासायला या, म्हणते. ड्रायव्हर कुरकुरतात, पण येतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. परवा सांगलीच्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, ह्ये शिकलासा कुणाकडं?" तुमचं नाव अगदी ओठावर होतं. म्हणाले, "माझं मीच."

जरा मिरवावंसं वाटलं, मामा.