हॅल्पर्नच्या भिंतीवरचे मालक

कल्व्हर सिटी,
४ मार्च १९९०

प्रिय ओपल,
स. न. वि. वि.

त्या शनिवारी सकाळी मी अंडी उकडत ठेवली होती, पावाला लोणी लावत होते आणि एक डोळा घड्याळाकडे होता, कारण बार्स्टोला आईकडे जाणारी बस चुकवून चालणार नव्हतं. एमेट कॉफी पिता पिता काहीतरी सांगत होता. अंडी आठवतात, बस आठवते. तो काय सांगत होता, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

आज हे का काढलं, ते सांगते. हॅल्पर्न स्टुडिओ पुन्हा विकला गेला. या वेळी टेलिफोनवाल्यांनी घेतला. रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर एमेट जन्मभर मालकांची नावं रंगवत आला, तुला माहीतच आहे. तिथली रीत अशी, की जुनं नाव कधी खरवडायचं नाही. त्यावर राखाडी रंगाचा हात मारायचा आणि वर नवं नाव काढायचं, तेही सोमवारी नव्या मालकाची गाडी फाटकातून आत येण्याआधी. सह्या झाल्या असोत वा नसोत. पण या टेलिफोनवाल्यांना म्हणे जुनी वीट दिसायला हवी आहे. १२ तारखेपासून सगळी भिंत खरवडणार आहेत.

जाण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत एमेट नर्सला मालक मोजून दाखवायचा. आधी हातमोजे विकणारा हॅल्पर्न, मग हॉटेलवाला, मग गाद्यांची कंपनी, मग जहाजवाला ब्रॉडबेंट, मग विमा कंपनी. राजांची नावं घ्यावीत तशा आवाजात. हा ब्रॉडबेंट स्टुडिओने छापलेल्या इतिहासात नाही. मी वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली, तिथेही नाही. एमेट म्हणायचा की शनिवारी नाव रंगवलं, रविवारी सौदा मोडला आणि सोमवारी उजाडायच्या आत त्यानेच त्यावर राखाडी रंग मारला, म्हणून कुणाला ठाऊक नाही. मी त्या शनिवारीच बस धरून आईकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, या विसरण्याच्या आजारात मन अशा गोष्टी रचतं, त्या मनावर घेऊ नका.

ओपल, ते नाव भिंतीवर नसेल, तर ज्याच्या उशाशी बसून मी बोलत होते तो माणूस कुठल्या दिवसापासून एमेट राहिला नव्हता, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मी रोज तिथे जाऊन उभी राहणार आहे.

गुडघ्याला शेक देत जा. माया आहे, ती तशीच राहू दे.
तुझी वहिनी,
व्हर्ना

बेकर्सफील्ड,
९ मार्च

प्रिय व्हर्ना,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसूच आलं. अगं, लहानपणी कालव्यात धरलेला त्याचा मासा दर नाताळला वीतभर वाढायचा. शेवटी बाबा म्हणाले की आता याला पानात नको, अंगणात वाढा. तो ब्रॉडबेंट त्याच माशाचा भाऊ असेल, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. तो रागावला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला अजून सोडत नाही.

माझं ऐकशील तर जाऊ नकोस. नाव निघालं नाही तर ते दुःख घेऊन तू घरी येशील, आणि घरात तू एकटी. भिंतीच्या सांगण्यावरून माझ्या भावाला खोटं ठरवू नकोस. त्यापेक्षा इकडे ये. मागची खोली रिकामी आहे आणि लिंबांनी झाड वाकलंय. तू लिंबाचा केक कर, मी नुसती खाईन.

ऐकणार नाहीस, ठाऊक आहे. निदान टोपी घालून उभी राहा. आठवण काढते आहेस, तशीच काढत राहा.
ओपल

कल्व्हर सिटी,
१६ मार्च

प्रिय ओपल,
स. न. वि. वि.

टोपी घातली होती.

सोमवारी विमा कंपनी गेली. मंगळवारी दिवसभर नुसता राखाडी रंग. फाटकावरचा पहारेकरी वेंडेल मला म्हणाला की बाई, घरी जा, रंगाखाली रंगच असतो. बुधवारी सकाळी त्या राखाडीतून एक तांबडी रेघ वर आली. मग तिला बाक आला, मग सोनेरी कड, मग सावली. कामगारांना काही पत्ता नव्हता, ते आपले खरवडत होते. शेवटच्या अक्षराची शेपूट लांब ओढलेली दिसली तेव्हा मी पदपथाच्या कडेवर खाली बसले. ती खोड त्याचीच. ब्रॉडबेंट. एखाद्या बसएवढं नाव, काल रंगवल्यासारखं.

मुकादमाने विचारलं, हा कोण? कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याने माणसांना जेवायची सुट्टी दिली, आणि जेवण झाल्यावरही बराच वेळ कुणी शिडीवर चढलं नाही. वेंडेल फाटक सोडून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. ज्या मालकाने आत पाऊलसुद्धा टाकलं नाही, त्याचं नाव एमेटने हॅल्पर्नच्याच तोलामोलाने काढलं होतं. कुठेही हात आखडता घेतलेला नाही. मी खूप वाचलं आहे ओपल, पण असं काही कुठे वाचलं नव्हतं.

दुपारी त्यांनी ते खरवडलं. मी अडवलं नाही. मला कळायचं होतं ते कळलं. तो शेवटपर्यंत एमेटच होता आणि मी एमेटशीच बोलत होते. तू त्या बघण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. गुरुवारी गाद्या गेल्या, हॉटेल गेलं आणि तळाशी हॅल्पर्न निघाला. तो विटेतच मुरला आहे, कितीही घासला तरी हलत नाही. हे सगळं आपलं, असं या प्रत्येकाला वाटलं असेल.

नवं नाव उद्या शनिवारी चढणार आहे. ते रंगवायला ग्रासिएला म्हणून एक मुलगी आली आहे. आखणीसाठी खडू लावलेली दोरी दोघांनी दोन टोकांना धरून ताणायची, तर तिचा जोडीदार तापाने पडलाय. ती वेंडेलला गळ घालत होती आणि तो म्हणत होता की फाटक काय तुझी आजी सांभाळणार?

तुझ्याकडे ईस्टरला येते, कायमची नाही. मला धरून आहेस, तशीच धरून राहा.
तुझी,
व्हर्ना

ता. क. १७ मार्च. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी भिंतीपाशी गेले आणि दुपारपर्यंत ग्रासिएलाच्या दोरीचं दुसरं टोक धरलं.