आधी याची आय दाखवा

आबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी काही बिनसलं की अजून तुमच्याशीच बोलते. आज तुमच्या धाकट्याशी कडाक्याचं भांडले. मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचायचे दिवस आलेत आणि हा म्हणतो, टोचणार नाही. का, तर वहिनीनं मोबाईलवर दाखवलं. विज्ञान सोपं करून सांगणारी कुठलीशी वेबसाइट, तिच्यावर लिहिलंय की या लशीनं गाभण मेंढ्या गाभ टाकतात. "शास्त्रज्ञ म्हणत्यात, आक्का! तू शाळंत विज्ञान शिकवतीस आन् तुलाच पटंना व्हय?" आता बोला! गेल्या साली लस चुकली तेव्हा कोवळं गवत खाऊन दोन दिवसांत नऊ कोकरं गेली, ते साफ विसरला. मी वहिनीलाही झापलं, काहीबाही दाखवत जाऊ नका म्हणून.

मी दहा वर्षांची असेन. बाजारात शिंगं रंगवलेला एक मेंढा मला आवडतो, हाच घ्या म्हणून मी तुमचं धोतर ओढते. तुम्ही खेकसता, "देखणा हाय म्हनूनच इकायला आणलाय, येडे! याची आय कुठंय?" मला रडूच येतं. विकणारा शपथा घेतो, चहा पाजतो. तुम्ही चहा पिता आणि मला घेऊन येडगावला त्याच्या मेंढवाड्यावर चालत जाता. आई बघितल्याशिवाय मेंढा घ्यायचा नाही, ही आपली रीत. आईची कास एका बाजूनं सुकलेली निघाली. तुम्ही मेंढा न घेताच माघारी वळलात. मला मात्र तुमचा लई राग आला होता, पाय दुखत होते म्हणून.

भांडून घरी आले आणि त्या लेखाची आई शोधायला बसले. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. 'एका संशोधनानुसार' यावर बोट दाबलं तर दुसरी वेबसाइट उघडली, तिथून तिसरी, आणि तिसरीनं परत पहिलीच्याच दारात आणून सोडलं. तळाशी लशीऐवजी द्यायच्या पावडरीची जाहिरात, आणि पावडर विकणारा तोच वेबसाइटचा मालक! मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी पुस्तिका काढून दाखवली. कुणी तपासलं, कुठे, किती मेंढ्यांवर, सगळं त्यात होतं. लस कधी कमी पडते तेही होतं. जो आपल्या जनावराची खोड आपणहून सांगतो त्याच्याकडून घ्यावं, असं तुम्हीच म्हणायचात.

उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना घेऊन डिंगोऱ्याला, धाकट्याच्या मेंढवाड्यावर जाणार. धाकटा आडवा आला तर येऊ दे, एकेक मेंढी मी स्वतः धरीन. ही कोकरं मी जाऊ देणार नाही.

एवढंच, की ती लिंक वहिनीला मीच धाडली होती. वर लिहिलं होतं, 'महत्त्वाचं आहे, भावाला दाखवा.' नुसतं शीर्षक बघून धाडली, आत वाचलंच नव्हतं. आज मी तिला नवऱ्यासमोर झापत होते, आणि आबा, ती माझं नाव न घेता भाकरी थापत राहिली.