कोपराला न कळलेलं पाणी

४ नोव्हेंबर
धानकापणी सुरू. सगळं गाव धानाच्या बांधीत, शेतावर, म्हणून माझ्या गृहभेटी अर्ध्याच झाल्या. उजव्या करंगळीखाली मोठा फोड. मला माहीतच नव्हता, रेखाने दाखवला. लेक बाळंतपणाला आलीय, तिने बाळीकडे बघावं तर माझ्या हाताकडे बघते. "हा तव्याचा चटका आहे आई. तुले समजलं नाई का?" घाईत असेन, म्हटलं.
खोकला आला की मानेत कळ. महिना झाला.

५ नोव्हेंबर
फोड डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं आशा सेविका म्हणून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासते, दुखत नाही म्हटलं की काय मनात येतं ते मलाच ठाऊक. मला तसं काही निघालं तर कोण घरात घेईल?
दार लावलं. ह्यांच्या हातात बॉलपेन दिलं, डोळे मिटले. ते टेकवत गेले, मी बोट ठेवत गेले. दोन्ही हात, खांदे. एकही जागा चुकली नाही. "काय खेळ लावला?" म्हणाले. चट्टाही कुठे नाही. महारोग नाही! दोनदा चहा प्यायले.

८ नोव्हेंबर
बाळीचं न्हाणं माझ्याकडे. पाणी काढलं, आयांना शिकवते तसं कोपर बुडवून पाहिलं. कोमट. बाळीला आण म्हटलं. रेखाने सहज बोट घातलं नि झटकन ओढलं. बोट लाल.
मी पुन्हा हात घातला. ओलं कळलं, पाणी हललेलं कळलं. ऊन नाही कळलं.
बाळी उघडी, टॉवेलात, हातभर अंतरावर.
गार पाण्याचं विसण घालायचं राहिलं, असं खोटं सांगितलं.

९ नोव्हेंबर
आज न्हाणं टाळलं, कंबर धरली म्हटलं. दुपारी रेखाने दोन पेले समोर ठेवले, एक माठातल्या पाण्याचा, एक चहाचा. "डोये मीट आन सांग, गरम कोनतं?" दोन्ही हातांनी धरून पाहिले. चुकले. रडले तिच्यासमोर. तिच्या आधी मी.

१२ नोव्हेंबर
चंद्रपूर, रेखाच्या ओळखीचे डॉक्टर. कापूस फिरवला, कळला. सुई टोचली, टेकली ते कळलं, दुखलं नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत तसंच. पायांना मात्र चांगली टोचली. महारोग वाटत नाही म्हणाले. मग काय, ते सांगेनात. मानेचा एमआरआय, नागपूरला.

१८ नोव्हेंबर
नागपूर. मोठ्या डॉ.नी कागदावर काढून दाखवलं. कण्यातल्या दोरीत दोन वाटा. स्पर्श, नि हात कुठे आहे ते, मागच्या बाजूने सरळ वर जातं. ऊन-गार नि दुखणं आधी मधोमध पलीकडे ओलांडतं, मग वर जातं. माझ्या मानेत त्या ओलांडायच्या जागीच पोकळी झालीय, पाणी भरलेली.
म्हणजे माझं बॉलपेन पहिल्याच वाटेवर फिरत होतं, आणि मी खुशाल चहा पीत होते.
ऑपरेशन करा म्हणाले. "गेलेलं परत येईलच असं नाही, बाई. पुढे वाढू नये म्हणून करायचं." वाढलं तर? हातातली ताकद जाईल, पुढे पायही. त्यांनी शांतपणे सांगितलं. मला बसवत नव्हतं.

२१ नोव्हेंबर
ऑपरेशनचं विचारायला फोन आला. हे म्हणतात करून टाक. मानेवर सुरी! टेबलावरून उठलेच नाही तर? कळवते म्हटलं.
बाळीला मी हात लावत नाही. रेखा वाकून न्हाऊ घालते, टाके दुखतात तिचे.

२३ नोव्हेंबर
सकाळी रेखाने पाट मांडला. "पानी मी पाह्यतो. न्हाऊ तूच घाल."
पाय पसरून बसले. बाळीला पायांवर घेण्याआधी पहिला तांब्या माझ्याच नडग्यांवर ओतला. उजवीला ऊन लागलं. बरं वाटलं, किती बरं वाटलं! मग डावी. लागलं, पण जरा उशिराने? की मीच घाबरून मोजतेय?
पुन्हा ओतलं. पुन्हा.
रेखा बाळीला घेऊन उभी होती. "देऊ का?" तिने विचारलं.
थांब म्हटलं, आणि आणखी एक तांब्या भरला.