कव्हरच्या आतली पट्टी

रवि. २ नोव्हें.
संजूभाऊजी अकोल्याहून आले. धाकटे दीर, तिकडे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. ह्यांचा कॉम्प्युटर चालू करून पाहिला. हे गेल्यापासून प्लग काढूनच ठेवला होता. दसऱ्याला हळदकुंकू लावलं, तेवढंच. निळा पडदा आला. पुन्हा सुरू, पुन्हा निळा.
"वहिनी, भाऊनं जुनी हार्डडिस्क काढून ती एसएसडी बसवली ना, ते सेटिंगच चुकलं. ट्रॅक्टरवाल्याचं काम नोहे ते. पुढच्या रविवारी येतो, फॉरमॅट मारून देतो."
"अन् फोटो?"
"फोटो जातीन."
ह्यांनी काढलेले सगळे फोटो त्यातच. जेवायला वाढलं.

मंगळ. ४
शाळेत फीच्या पावत्या फाडताना आठवलं. बाळापूरच्या गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्त केला की हे बॉनेटच्या आत चिकटपट्टी लावून लिहायचे. काय केलं, कधी केलं. म्हणायचे, "पुढच्या मेकॅनिकनं मले शिव्या नाही देल्या पाह्यजे."
मग कॉम्प्युटरला कशी नाही लावणार?
घरी आल्या आल्या कव्हर उघडलं. आतून पट्टी आहे. ह्यांचं अक्षर, खाली उतरत जाणारं.
"एसएसडी बसवली. बायोसमध्ये (चालू होतानाच्या सेटिंगात) एएचसीआय ठेवणे, जुने आयडीई नको. ट्रिम चालू आहे. गोल सेल उतरला की बायोस सारं विसरते. सेल बदलून पुन्हा एएचसीआय करणे."
कव्हर बराच वेळ मांडीवर होतं.
म्हणजे सेल उतरला असेल. प्लग काढला की सगळा भार सेलवर, आणि सहा महिने तो मीच काढून ठेवलेला.

बुध. ५
राजकमल चौकात घड्याळवाल्याकडे सेल मिळाला.
"बाई, घड्याळ कुठी आहे?"
"कॉम्प्युटरला पाहिजे."
"घ्या! त्यालेबी टाइमाची घाई झाली काय?"
सेल बसवला. बायोस उघडायला डिलीटचं बटण चार वेळा चुकलं. आतलं घड्याळ कितीतरी वर्षं मागे. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये आयडीई. पट्टीवर आहे तसं एएचसीआय केलं, सेव्ह केलं.
चालू झाला. चहाला उकळी यायच्या आत. पडद्यावर चिखलदऱ्याचा फोटो, मी डोळे मिटलेली. तोच का ठेवला होता कोण जाणे.

गुरु. ६
फोटो पेनड्राइव्हवर घेतले.
ट्रिम, म्हणजे एसएसडी हळू पडू नये म्हणून होणारी आतली साफसफाई, चालू आहे का ते पाहायचं राहिलं होतं. शाळेच्या संगणकाच्या सरांकडून कमांड लिहून आणली. अक्षर अक्षर पाहून टाइप केली. उत्तर, शून्य. म्हणजे बंदच की. एवढं सगळं बरोबर, आणि इथे...
सरांना फोन.
"मॅडम, ती कमांड विचारते, ट्रिम बंद केली काय? शून्य म्हणजे नाही केली. चालू आहे. कोणी बसवली पण? काम पक्कं आहे."
"आमच्या घरीच," म्हटलं. फोन ठेवला.
नववीपर्यंत शिकलेला माणूस. मी बी.कॉम. हे शिकून घेत होते तेव्हा मी म्हणायचे, नसता उद्योग.

रवि. ९
सकाळीच भाऊजींचा फोन. निघतो म्हणाले.
"येऊ नका. चालू झाला."
"कोणी केला?"
"मी. सेल उतरला होता. तुमच्या भाऊंनी बरोबर बसवली होती." शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. मुद्दाम.
भाऊजींनी आवाज खाली आणला. मग,
"वहिनी, एक सांगू? दुकानातल्या मशिनले म्याबी एसएसडी टाकली. लयच धिमी चालते. काहून ते समजून नाही राहिलं. घेऊन येऊ काय? पाहता तुमी?"
"घेऊन या."
जमेल का, ठाऊक नाही. ह्यांची पट्टी ह्या मशिनपुरती. तिकडच्या आत काही लिहिलेलं नसणार. सरांना काय काय विचारायचं ते मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे.
दुपारी नवी चिकटपट्टी कापली. ह्यांच्या पट्टीच्या खाली लावली. "५ नोव्हें. सेल बदलला. एएचसीआय केले." अक्षर सरळ आलं. कव्हर बसवलं, चारही स्क्रू पिळले, आणि फडक्याने वरची धूळ पुसली.